चारपैकी एकच आजारी निघाला : कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पंप-नोझल दुकानाचा अनुभव

"गाडी गार असताना चालू होत न्हाई, का गरम झाल्यावर?"

हा प्रश्न मला ज्या मिस्त्रींनी पहिल्यांदा विचारला, त्यांच्या डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्तीच्या दुकानाबद्दल लिहितेय. त्याआधी दोन महिने मी गाडी घेऊन तीन ठिकाणी फिरले होते. हे कुणीच विचारलं नव्हतं.

मी गडहिंग्लज भागात जनावरांची डॉक्टर आहे. खासगी प्रॅक्टिस, म्हणजे रोज ८०-९० किलोमीटर फिरणं ठरलेलं. नेसरी, उत्तूर, आजरा, मध्ये वाड्यावस्त्या. गाडी २०१३ ची, छोटी डिझेल, १ लाख ८८ हजार किलोमीटर पळालेली. इंजिन १२४८ सीसीचं, फियाटच्या मल्टिजेट घराण्यातलं. एकेकाळी हे इंजिन आपल्या रांजणगावला आणि तिकडं मानेसरला बनायचं आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसायचं. माझा या इंजिनावर जीव आहे. चिखलातून, चढातून, अर्ध्या रात्री त्यानं मला कधी दगा दिला नव्हता.

जुलैपासून मात्र बिनसलं. सकाळी घरून निघताना गाडी एका चावीत सुरू व्हायची. पण गोठ्यावर पोचून वार अडकलेल्या म्हशीचं अर्ध्या तासाचं काम उरकून परत येऊन चावी फिरवली, की स्टार्टर नुसता फिरत राहायचा, इंजिन पकडायचंच नाही. पाऊण तास थांबलं, बॉनेट उघडं ठेवलं, की पुन्हा सुरू. उभ्या गाडीत स्टिअरिंगला थरथर, तवंदी घाटात तिसऱ्या गियरवर दम लागल्यासारखं, मागे काळा धूर. लिटरला २१ देणारी गाडी १६ वर आली होती. ऑगस्टमध्ये एका रात्री नेसरीजवळ मी अशीच अडकले आणि दुसऱ्या गावात अडलेल्या गायीकडे पोचायला दीड तास उशीर झाला. गाय वाचली, वासरू नाही वाचलं. वेळेवर पोचले असते तर वाचलंच असतं असं छातीठोक नाही सांगता येणार, पण त्या रात्रीनंतर मी हा विषय सोडला नाही.

आधीच्या गॅरेजांबद्दल थोडक्यात. पहिल्या ठिकाणी टाकीत कसलंसं औषध ओतलं, १,२०० रुपये घेतले, फरक शून्य. दुसऱ्या ठिकाणी बॅटरी बदलायला सांगितली. तिसऱ्या ठिकाणी स्कॅनर लावला, स्क्रीनवर पी ००८७ हा कोड आला आणि दोन मिनिटांत निकाल लागला : "चारी इंजेक्टर गेलेत मॅडम, नवीन टाकायला लागतील." (इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, प्रत्येक सिलिंडरला एक.) अंदाज ७४,००० रुपयांचा. मी विचारलं, चारही एकदम कसे गेले? उत्तर आलं, "गेले की सगळे एकदमच बदलायचे असतात."

पी ००८७ चा अर्थ एवढाच की रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, डिझेलचा दाब हवा तेवढा बनत नाही. का बनत नाही, हे तो कोड सांगत नाही. फिल्टर तुंबलेला असू शकतो, पंप थकलेला असू शकतो, दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह किंवा दाब मोजणारा सेन्सर बिघडलेला असू शकतो, आणि हो, इंजेक्टरही असू शकतो. जनावराला ताप आहे एवढं थर्मामीटरनं सांगितलं म्हणून मी थेट पोट फाडायला घेत नाही. हे मला ७४ हजारांच्या त्या कागदाकडे बघताना सारखं वाटत होतं.

दूध संकलनाच्या टँकरवरचे एक चालकदादा माझ्या नेहमीच्या ओळखीतले. ते म्हणाले, "डॉक्टर, ते गॅरेजचं कामच न्हाई. उद्यमनगरात पंप-नोझलवाल्याकडं जावा." तसं सप्टेंबरात एका मंगळवारी पहाटे निघाले. सत्तरएक किलोमीटर.

शिवाजी उद्यमनगर ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. लेथ, फाउंड्री, ऑइल इंजिनांचे सुटे भाग, आणि प्रत्येक बोळात कुणीतरी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची भाषा बोलणारं. हे दुकानही बाहेरून असंच, एका शटरचं. पुढे दोन गाड्या मावतील एवढी जागा, आत काचेचं दार आणि दाराच्या आत वेगळीच दुनिया. चप्पल बाहेर, पंखा बंद, टेबलावर पांढरा कागद अंथरलेला, सुटे भाग झाकलेल्या ट्रेमध्ये. मला माझ्या कॉलेजच्या ऑपरेशन थिएटरची आठवण झाली. इंजेक्टरच्या आतली सुई आणि तिची नळी यांच्यातली फट काही मायक्रॉनची असते, धुळीचा कण गेला तरी तो भाग वाया. त्यामुळे इंजेक्टर उघडणाऱ्या दुकानात सगळ्यात आधी फरशी बघावी, असं माझं आता ठाम मत आहे. ज्या टेबलावर चहाचे ग्लास आणि ग्रीस शेजारी शेजारी असतात, तिथे इंजेक्टर द्यायचा नाही.

मिस्त्री साठीच्या आसपासचे. गार की गरम, हे विचारून झाल्यावर आणखी तीन-चार प्रश्न : धूर काळा का पांढरा, आवाज ठोकल्यासारखा येतो का फुसफुसल्यासारखा, डिझेल कुठून भरता, फिल्टर कधी बदलला. शेवटच्या प्रश्नावर मी अडखळले. बदलून ३५ हजार किलोमीटर झाले होते, आणि फिल्टरच्या तळाचं पाणी सोडायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "गरम झाल्यावरच अडती म्हणताय न्हवं? मग डिझेल कुठंतरी मागं पळतंय. गरम डिझेल पातळ हुतंय, जास्त पळतंय."

मग त्यांनी मला उभं करून समजावलं, आणि ते इतकं नीट होतं की इथे सांगते. पंप डिझेल दाबून एका जाड पोलादी नळीत भरतो, ती रेल. चारही इंजेक्टर त्या रेलला जोडलेले. इंजेक्टर उघडताना थोडं डिझेल सिलिंडरमध्ये न जाता रबरी नळीतून टाकीकडे परत जातं, ते तसंच जायचं असतं. पण आतल्या छोट्या व्हॉल्व्हची बैठक झिजली की परत जाणारं डिझेल वाढतं. इंजिन पळत असताना पंप जोरात फिरतो आणि गळती भरून काढतो. स्टार्टरवर मात्र पंप सावकाश फिरतो, येईल तेवढं डिझेल एकाच इंजेक्टरमधून मागे निघून जातं, दाब बनत नाही, आणि दाब नाही म्हणून कॉम्प्युटर चारही इंजेक्टर बंद ठेवतो. एकाच्या दोषानं चौघं उपाशी.

तपासणीला खरी सुरुवात झाली ती फिल्टरपासून. फिल्टरमधलं डिझेल त्यांनी काचेच्या बरणीत ओतलं आणि दहा मिनिटं उन्हात ठेवलं. तळाला दोन बोटं पाणी, त्यात तांबूस गाळ. बरणी ते कितीतरी वेळ फिरवून फिरवून बघत होते. मी विचारलं काय शोधताय, तर म्हणाले, "चकाकी." पंप आतून खायला लागला की धातूचा बारीक चुरा डिझेलमध्ये उतरतो आणि बरणीत चांदीसारखा चमकतो. तो दिसला असता तर पंप, रेल, नळ्या, इंजेक्टर, टाकी सगळंच काढावं लागलं असतं. दिसला नाही. नवा फिल्टर घातला, पण दोष गेला नाही. तो जाणार नाही हे त्यांना माहीत होतं, पण आधी तो टप्पा संपवला.

नंतर गाडी वीस मिनिटं फिरवून गरम केली आणि स्कॅनर लावला. त्या आधीच्या गॅरेजात होता तसाच स्कॅनर. फरक असा की हे कोडवर थांबले नाहीत, चालू आकडे बघत बसले. गरम इंजिनवर स्टार्टर मारताना रेलचा दाब १३०-१४० बारवर अडकत होता. सुरू व्हायला साधारण २०० च्या आसपास तरी लागतो, असं त्यांनी सांगितलं. (गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, आणि हे इंजिन पूर्ण जोरात असताना रेलमध्ये दीड हजार बारच्या आसपास दाब असतो. तुलना डोक्यात राहावी म्हणून सांगते.) स्टार्टरचा आवाजही ते कान देऊन ऐकत होते. चारही ठोके सारखे येतात म्हणजे कॉम्प्रेशनला, सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याला, धक्का नाही. गाडी एकदा सुरू झाल्यावर त्यांनी प्रत्येक सिलिंडरचं करेक्शन पाहिलं : इंजिन एकसारखं फिरावं म्हणून कॉम्प्युटर कुणाला किती डिझेल वाढवून किंवा कमी करून देतोय तो आकडा. तीन सिलिंडर शून्याच्या आसपास, तिसऱ्या नंबरचा ३.८. इंजेक्टरच्या कॉइलचा रोध मीटरवर मोजला, चारही सारखे. म्हणजे वायरिंगचा दोष नाही.

आणि मग बाटल्या आल्या. चारही इंजेक्टरच्या परतीच्या रबरी नळ्या काढून त्या जागी पारदर्शक नळ्या लावल्या, प्रत्येक नळीखाली खुणा असलेली एक बाटली. इंजिन सुरू ठेवलं. "चारी सारख्या भरल्या तर दुसरीकडं बघायचं," मिस्त्री म्हणाले, "एक पुढं पळाली तर चोर गावला." तीन मिनिटांत तीन बाटल्यांत दहा-बारा मिलिलिटर आणि तिसऱ्या नंबरच्या बाटलीत साठच्या वर.

मी तिथे उभी राहून त्या बाटल्यांकडे बघत राहिले, कारण हे मी रोज करते. कासदाहाच्या तपासणीला आमच्याकडे चार वाट्यांची एक प्लास्टिकची थाळी असते. चार सडांचं दूध चार वाट्यांत, वर तपासणीचं द्रावण, थाळी गोल फिरवायची. ज्या वाटीतलं दूध जेलीसारखं घट्ट होतं तो सड आजारी. शेतकरी म्हणतात कासेला दगडी झाली. पण चार सडांपैकी कुठल्या सडाला, हे कळल्याशिवाय मी सडात औषध सोडत नाही. चारही सडांत ट्यूबा सोडून आले तर बिल मोठं होईल, पण निरोगी तीन सडांत विनाकारण औषध जाईल. इथे माझ्यासमोर तीच थाळी होती, फक्त दूध नव्हतं.

तरीही त्यांनी आणखी एक खात्री केली. इंजिन बंद करून दाब पूर्ण उतरू दिला, रेलवरचं तिसऱ्या नंबरचं तोंड टोपीनं बंद केलं आणि पुन्हा स्टार्टर मारला. दाब लगेच ३०० च्या पुढे. पंप निर्दोष.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. जुन्या ट्रकच्या आणि ट्रॅक्टरच्या इंजिनावर इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट सैल करून कुठला सिलिंडर मेला ते ओळखायची पद्धत आहे. आपल्याकडचे कितीतरी मिस्त्री त्यातच तयार झालेत. माझ्या गाडीसारख्या, एकाच रेलमधून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या कॉमन रेल इंजिनावर हे कुणी करत असेल तर हात धरून थांबवा. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं, बाहेर टाचणीएवढं छिद्र दिसतं आणि आतलं मांस मरत जातं. लाळ्या-खुरकूताची तेलमिश्रित लस चुकून स्वतःच्या बोटात टोचली गेली तर काय होऊ शकतं, हे आम्हाला शिकताना बजावलेलं असतं : दुखत नसलं तरी ताबडतोब सर्जनकडे जायचं. हे तसंच आहे. दुकानातल्या पोरांना मिस्त्रींनी हा नियम घालून दिलाय की इंजिन बंद झाल्यावर काही मिनिटं थांबल्याशिवाय नळीला पाना लावायचा नाही, आणि दिवसभरात मी एकालाही तो मोडताना पाहिलं नाही.

इंजेक्टर काढायला दुपार झाली. दुसऱ्या नंबरच्या भोवती डांबरासारखा काळा थर होता. त्याखालचा तांब्याचा वॉशर लीक झालेला, जळलेला वायू वर येऊन थर साचत गेलेला. मला जो फुसफुस आवाज यायचा तो याचा. म्हणजे दोन वेगळे दोष होते आणि एकानं दुसऱ्याला झाकलं होतं. हातोडी कुणी मारली नाही. इंजिन कोमट ठेवून, गंज सोडवणारं तेल टाकून, तासभर वाट बघून, पुलरनं हळूहळू ओढून काढला.

काचेच्या दाराआडच्या टेस्ट बेंचवर चारही इंजेक्टर एकेक करून लागले. पूर्ण लोड, मधला लोड, आयडल, आणि मुख्य फवाऱ्याच्या आधी येणारा बारीक फवारा, अशा प्रत्येक अवस्थेत एका फवाऱ्याला किती डिझेल बाहेर आणि किती परत, याचा छापील कागद निघतो. एक आणि चार नंबर पास. दोन नंबर बारीक फवाऱ्यात थोडा कमी पडत होता, अल्ट्रासॉनिकमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या यंत्रात, धुतल्यावर पास झाला. तीन नंबरची परत गळती मर्यादेच्या तिप्पट. तो त्यांनी माझ्यासमोर उघडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली व्हॉल्व्हची बैठक दाखवली. दीड मिलिमीटरपेक्षाही लहान बॉल जिथे टेकतो तिथे एका बाजूला चर पडलेली. पाणी आणि गाळ, दोन्ही माझ्या फिल्टरमधून गेलेले. ते बघून मला वाईट वाटलं. साधं पाणी सोडायचं काम होतं.

नवा इंजेक्टर १४ हजारांच्या घरात होता. मिस्त्रींनी स्वतःहून सांगितलं की बॉडी चांगली आहे, व्हॉल्व्ह सेट आणि नोझल (फवारा सोडणारं टोक) बदलून भागेल, सहा महिन्यांची हमी देतो. तसं केलं. दुरुस्तीनंतर पुन्हा बेंचवर चढवून त्याचा नवा कोड काढला आणि तो गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरला. हा टप्पा बरेच जण गाळतात. प्रत्येक इंजेक्टर थोडा वेगळा फवारतो आणि तो किती वेगळा, हे कोडवरून कॉम्प्युटरला कळतं. कोड न भरता गाडी चालते, पण थरथर आणि धूर राहू शकतो.

बिल असं : स्कॅनिंग आणि बाटल्यांची तपासणी ६००, चार इंजेक्टर काढणं-बसवणं २,४००, बेंच टेस्ट प्रत्येकी ४५० प्रमाणे १,८००, तिघांची साफसफाई ९००, तीन नंबरची दुरुस्ती ६,२००, तांब्याचे वॉशर आणि परतीच्या नव्या रबरी नळ्या ६५०, फिल्टर १,१५०, कोडिंग ५००. एकूण १४,२००. जुना व्हॉल्व्ह, जुनी नोझल, चारही इंजेक्टरचे बेंचचे कागद, सगळं न मागता हातात दिलं.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, म्हणजे खरंच उचलत नाहीत. मी आदल्या दिवशी आठ वेळा लावला होता. चार वाजता देतो म्हणालेली गाडी साडेसातला मिळाली आणि तवंदी घाट मला अंधारात पावसात पार करावा लागला. बसायला एक बाकडं, तेही पाना-पक्कडींनी भरलेलं. बाईमाणसासाठी स्वच्छतागृहाची सोय नाही, शेजारच्या वर्कशॉपमध्ये विचारावं लागलं, आणि दिवसभर थांबायला लावणाऱ्या दुकानात ही सोय हवीच. हे मी मिस्त्रींना निघताना तोंडावर सांगितलं. "बरोबर हाय तुमचं," म्हणाले. बिल आधी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, पक्कं बिल मागितल्यावर कुरकुर न करता दिलं, पण मागावं लागलं. आणखी एक, पिझो इंजेक्टर (कॉइलऐवजी पिझो स्फटिकावर चालणारे) ते घेत नाहीत. माझ्यासमोर एका मोठ्या गाडीवाल्यांना त्यांनी परत पाठवलं. हे मात्र मी तक्रारीत धरत नाही. जे येत नाही त्याला हात लावत नाहीत, हे मला आवडलं.

त्यानंतर तीन महिने आणि साडेसहा हजार किलोमीटर झाले. गरम इंजिन एका चावीत सुरू होतं. अॅव्हरेज साडेवीस. हजार किलोमीटरनंतर त्यांनी फुकट तपासायला बोलावलं होतं, तेव्हा तीन नंबरचं करेक्शन ०.४ होतं. मागच्या आठवड्यात पहाटे तीनला आजऱ्याच्या पुढच्या एका वस्तीवर दोन ठिकाणी लागोपाठ जावं लागलं, मध्ये गाडी वीस मिनिटं उभी होती. चावी फिरवताना माझा हात अजून थबकतो. लगेच सुरू झाली.

जायचं असेल तर : सोमवारी बंद. सकाळी साडेनऊच्या आत पोचा, म्हणजे त्याच दिवशी गाडी मिळायची शक्यता राहते. डबा बरोबर न्या. शेवटचा फिल्टर कधी बदलला ते बिल बघून जा, आणि गाडी कधी अडते, गार की गरम, चढाला की उभी असताना, हे चार दिवस नीट लक्ष देऊन कागदावर लिहून न्या. ते विचारणारच. आणि बाटल्या लावतात तेव्हा समोर उभे राहा, ते हाकलत नाहीत.

फिल्टरचं पाणी मी आता दर पाच हजार किलोमीटरला स्वतः सोडते. तारखा लसीकरणाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेल्या आहेत, पुढची संक्रांतीनंतरची.